घंटी वाजली की हात वर

मले कामावरून काढलं ते एका घंटीपायी. चोरी केली नाही, कोणाले तोंड टाकून बोलली नाही, चार वर्षांत एक दिवस खाडा नाही. घंटी! देवघरात राहते तशी पितळेची, पण इवलीशी, मुठीत मावणारी. भंडाऱ्याच्या बाजारातून मीच निवडून आणली होती. वीस-पंचवीस तरी कानाजवळ धरून वाजवल्या असतील. दुकानदार म्हणे, "बाई, मंदिर बांधता का काय?" काम सुटल्यावर ती माझ्याच घरी फळीवर पडून होती. कोणी विचारलं का काम काहून सुटलं, तं मी सांगते, पंख्याचा आवाज होता, मले ऐकू आलं नाही. एवढीच गोष्ट. बाकी सगळा बभ्रा लोकाईनं केला.

मी सुंदरबाई, आसगावची. अठ्ठावीस वर्षं बाळंतिणी चोळल्या, शेकल्या, लेकरं न्हाऊ घातली. आमच्या कामाचा कायदा वेगळा आहे. बाळंतीण वरडली म्हणजे हात बराबर जागी पडला. रडली म्हणजे नस बसली. तिचं आयकून हात ढिला सोडला तं पोट सुटते, कंबर जन्मभर बोंबलते, अन् मंग तीच बाई गावभर सांगते का सुंदरबाईनं नीट नाही चोळलं. म्हणून मी आयकतच नव्हती कोणाचं. "अवो मेली वो मावशी मी," म्हणून पोट्टी वरडे, अन् मी म्हणे, "मर. सव्वा महिन्यानं साडी घेऊन येशीन मले." अन् बाया येत. साडी घेऊन येत.

साडेपाच वर्षांपूर्वी तृप्ती मॅडमनं बोलावलं. भंडाऱ्याचीच पोरगी, नागपूरले शिकून आली अन् इथंच दवाखाना टाकला. बाहेर पाटी होती, महिला फिजिओथेरपी. कंबर, मान, गुडघे चालूच राहत. पण आतल्या खोलीत वेगळं काम होतं. लग्न झालं, नवऱ्याशी पटते, मनातही आहे, तरी नवरा जवळ आला का अंग दगडासारखं आवळून येते, आग होते, जमतच नाही, अशा बाया येत. चोरून येत, डोक्यावर पदर घेऊन. तुम्हाले वाटन अशा किती असतील. अवो, रांग होती रांग!

मॅडमले तेलाचा हात जाणणारी बाई पायजे होती. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या दोन्ही हातावर आपले हात ठेवले अन् म्हणली, "सुंदरबाई, तुमचे हात सोन्याचे आहेत. पण इथे हातांआधी कान लागतील." मले तेव्हाच राग आला होता. काल शिकून आलेली पोट्टी मले कान शिकवते!

तिचे कायदे असे का विचारू नका. बाई आली का आधी कागद. त्याच्यावर बाईच्या अंगाचं चित्र छापलेलं. बाईनं स्वतः पेन्सिलीनं रंगवाचं. जिथं हात चालते तिथं हिरवं, जिथं नाही चालत तिथं लाल. दर वेळी नवीन कागद. मागच्या वेळी हिरवं होतं म्हणून आज हिरवं धराचं नाही. अन् टेबलावर निजली का तिच्या मुठीत घंटी.

"घंटी वाजली की हात वर," मॅडम म्हणे. "का वाजवली म्हणून विचारायचं नाही. तोंड वाकडं करायचं नाही. पुन्हा हात लावायचा तर पुन्हा विचारायचं."

"घंटी कायले पायजे मॅडम? बाईले तोंड नाही का? नाही म्हणन ना तोंडानं."

"तुम्ही म्हणाल्या होत्या कधी?" तिनं विचारलं. "तोंडानं?"

मी झाडू घेतला अन् झाडाले लागली. असे प्रश्न विचाराचे असतात का मोठ्या माणसाले?

डिंपल आली ती मागच्या ते मागच्या पावसाळ्यात. आमच्या आसगावचीच पोट्टी. तिची माय सुमनबाई माझ्या घरामागंच राहते, नवरा नाही, लोकाच्या बांधीत धान रोवण्याले जाते. डिंपल जन्मली तेव्हा मी याच दोन पायांवर आडवी घेऊन तिले सव्वा महिना न्हाऊ घातलं. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये दिली होती, पोरगा निकेश, पक्क्या नोकरीचा. गावात सगळे म्हणे, सुमनबाईच्या पोरीनं नशीब काढलं. लग्नाले आठ महिने झाले होते अन् नवरा-बायकोत अजून काहीच झालं नव्हतं.

संग निकेश होता अन् सासू निर्मलाबाई. बोलाले गोड, पण अशी बाई का चहात माशी पडली तं माशी काढून तोच चहा सुनेले देईन. मॅडमनं मंजुरीचा कागद पुढं केला. निकेशनं पेन काढला, फर्रकन सही केली. खाली निर्मलाबाईनं केली. डिंपल बाजूच्या खुर्चीत बसून आपल्या चपला पाहत होती.

"हे अंग कोणाचं आहे?" मॅडमनं निकेशले विचारलं.

निकेश हसला. "बायको आहे मॅडम माझी."

मॅडमनं कागद टर्रकन फाडला, चार तुकडे केले अन् टोपलीत टाकले. दोघाईले बाहेर काढलं. नवीन कागद डिंपलपुढं ठेवला अन् आपण गप बसली. पोट्टी अर्धा तास पेन धरून बसली होती. मी दोनदा फरशी पुसून काढली. मंग तिनं वर पाह्यलं, मॅडमकडे नाही, माझ्याकडे.

"मावशी राहीन का आत?"

"तुला हवी असेल तर," मॅडम म्हणली.

"मावशी असन तं करते सही."

माझ्या भरवशावर सही केली पोट्टीनं. हे मी त्या वेळी गावात चार जागी सांगतलं होतं, कौतुकानं.

बाहेर निर्मलाबाईनं मले हेरलं. "बाई, दिवाळीपर्यंत पाहतो आम्ही. मंग मायच्या घरी नेऊन सोडतो, अन् पोरासाठी दुसरी पाहतो. असं लाकूड घरात ठेवून काय करू?" तिनं हे डिंपलसमोरच म्हणलं. डिंपलले सगळं माहीत होतं. मायच्या घरी परत जाणं म्हणजे काय ते तिले कोणी सांगाले नको होतं. सुमनबाई त्या दिवसात आधीच रोज रस्त्यानं लोकाईले थांबवून जावयाची स्तुती करे.

पहिल्या दिवशी डिंपलनं कागद रंगवला तं मानेखालून सगळा लाल. बोटं तेवढी हिरवी. मले हसू आलं, मॅडमनं डोळे वटारले. टेबलावर निजवलं, मुठीत घंटी दिली, मी तिच्या हाताच्या बोटाले तेल लावाले घेतलं. तितक्यात वाजली. आम्ही दोघींनी हात वर केले. ती आमच्याकडे पाहत राहिली. "लावू का?" मॅडमनं विचारलं. "लाव." लावला. पुन्हा वाजली. पुन्हा हात वर. अशी पाच-सहा वेळा वाजवली पोट्टीनं! शेवटी तिले हसू फुटलं. हसता हसता डोळ्यातून पाणी घळघळ. म्हणे, "खरंच थांबते वो मावशी! वाजवलं का थांबते!" लहान लेकराले नवा खेळ भेटावा तशी वाजवत होती. तो सगळा तास तिनं घंटी वाजवण्यातच घालवला. मी मनात म्हणलं, झालं, हिची दिवाळी अशीच जाते.

पण खोटं कायले बोलू, कागद बदलत गेला. दुसऱ्या खेपेले हात हिरवे. मंग पाठ. मंग पोटऱ्या. सहाव्या खेपेले पोट हिरवं झालं, सातव्या खेपेले मांडीचा खालचा भाग. लाल उरलं ते एवढंसं, मधलं. मॅडम तिले श्वास शिकवे, स्वतःच्या हातानं स्वतःच्या अंगाची ओळख कराले सांगे, घरी कराले काही देई. पोट्टी टेबलावर निजता निजता गोष्टी सांगाले लागली होती. निकेश शिट्टी चांगली वाजवते म्हणे. एकदा म्हणली, "मावशी, काल मीच त्याचा हात धरला." अशी लाजली का बाप्पा!

आता माझी चूक कुठं झाली ते मी स्वतःच सांगते, म्हणजे लोकाईनं सांगाची गरज नाही. आतली गोष्ट बाहेर न्याची नाही, हाही मॅडमचा कायदा होता. मी नेली. निर्मलाबाई दर खेपेले बाहेरच्या चहाटपरीवर मले गाठे. "काय झालं बाई आत?" आता पोरीची सासू विचारते, आपल्या भागात तिले नाही म्हणता येते का? मी सांगतलं, पाठीपर्यंत आलं, पोटापर्यंत आलं. सातव्या खेपेले सांगतलं, मांडीपर्यंत.

"सात वेळा येऊन मांडी?" ती कप आपटून म्हणली. "अन् तुम्ही काय करता आत? घंटी आयकता? मी तं आयकलं होतं का आसगावच्या सुंदरबाईच्या हाताले तोड नाही. आडवं लेकरू सरळ करे म्हणत. अन् आता पाहा, एका पोट्टीच्या घंटीवर हात वर-खाली करता. सर्कशीत असते ना तसं."

मले हे लागलं. जीवाले लागलं. रात्रभर काही केल्या जाईना. अठ्ठावीस वर्षांची इज्जत, अन् सर्कस म्हणते!

मॅडमनं सासूले बसवून समजावलं होतं का सहा महिने तरी द्या, पोरगी स्वतःहून पुढं येऊन राहिली आहे, घाई केली तर सगळं उलटं जाईल. निर्मलाबाईनं मान डोलावली, अन् बाहेर येऊन थुंकली.

दसऱ्याच्या आदल्या हप्त्यात मॅडम दोन दिवसांसाठी नागपूरले गेली. किल्ली माझ्यापाशी दिली. "झाडून-पुसून ठेवा. माझ्यामागे कोणाला आत घ्यायचं नाही." मी हो म्हणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑटो थांबला. निर्मलाबाई, अन् मागं डिंपल. डिंपलले सांगतलं होतं का मॅडमनं आज बोलावलं. मॅडमची खुर्ची रिकामी पाहून पोट्टी दारातच थांबली.

"मॅडम नाही तं मी बुधवारी येते मावशी."

"मी आहे ना," मी म्हणलं. "तुले या पायांवर न्हाऊ घातलं मी. माझी लाज वाटते का तुले?"

"तसं नाही मावशी."

"मंग?"

मोठ्या माणसाले काय बोलन? आपल्याकडे पोरीईले तेवढंच तं शिकवलं असते. ती आत आली. सवयीनं तिनं कागद घेतला अन् रंगवला, तेच एवढंसं लाल ठेवून. टेबलावर निजली अन् मूठ उघडून पुढं केली.

"मावशी, घंटी?"

मी घंटी उचलली अन् खिडकीत ठेवून दिली. "आपल्या घरच्या माणसाले घंटी कायले पायजे?"

निर्मलाबाई आत येऊन बसली होती. मी तिले जा म्हणलं नाही. ती डिंपलच्या त्याच कागदानं वारा घेत होती. मी हातावर तेल घेतलं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी कोणत्याही देवापुढं सांगीन. मले वाटे, दोन मिनिटं रडन, मंग सुटन. पोरीचा संसार वाचन. निर्मलाबाई पाहीन का सुंदरबाईचा हात काय असते. सात खेपांत जे मॅडमले नाही जमलं, ते मी एका दुपारी करून दाखवीन.

बाकीचं मी सांगणार नाही. कागदावर जिथं लाल होतं, तिथंच मी हात नेला. तिनं पाय आवळले तं निर्मलाबाई उठली अन् तिचे पाय धरले. डिंपल काहीतरी पुटपुटली. पंखा घरघर करत होता, मले ऐकू आलं नाही. मंग ती सैल झाली. एकदम. हात, पाय, मान, सगळं सैल. डोळे छताकडे. मी निर्मलाबाईले म्हणलं, "पाह्यलं? सुटलं का नाही?"

अन् मले खरंच वाटलं का सुटलं.

टेबलावरून उतरून डिंपलनं साडी नीट केली. चपला उलट्या पायात घातल्या, डावी उजव्यात, अन् तशीच ऑटोत जाऊन बसली. मी हाक मारली, "पोट्टे, चपला!" तिनं मान वळवली नाही.

आठ दिवसांनी निर्मलाबाई पेढे घेऊन आली. मॅडम टेबलाशीच बसली होती. बाईनं डबा तिच्यापुढं उघडला. "मॅडम, तोंड गोड करा. काम झालं. तुमच्या सुंदरबाईच्या हाताले मानलं. आता डिंपल हूं का चूं करत नाही. निकेश खुश आहे. आता नाही यावं लागणार."

मॅडमनं पेढा उचलला नाही. निर्मलाबाई निघून गेली. मंग मॅडम उठून आतल्या खोलीत गेली, खिडकीतली घंटी हातात घेऊन आली.

"तेव्हा ही कुठं होती?"

"खिडकीत."

"तिच्या हातात का नव्हती?"

"मॅडम, माझ्या घरची पोट्टी आहे ती. मी तिले..."

"ती थांब म्हणाली होती?"

"पंखा चालू होता मॅडम. मले ऐकू नाही आलं. म्हणली असती तं थांबली नसती का मी?"

मॅडमनं वर पंख्याकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे. मले वाटलं आता मारते. तिनं मारलं नाही. हळू आवाजात म्हणली, "सुंदरबाई, बाहेर जे पुरुष असं करतात त्यांना आपण काय म्हणतो?"

मी भडकली. पुरुष? मले पुरुषाच्या रांगेत बसवते? मी बाई, मायसारखी, पोरीचा संसार वाचवला, सासू पेढे घेऊन आली, अन् मले हे आयकावं लागते? मी तोंडाले येईन ते बोलली. तुले ना नवरा ना लेकरू, तुले काय समजते संसार, असंही बोलली. मंग तिनं फोन लावला. डिंपलनंच उचलला. मॅडम तिले सांगत होती का तक्रार करता येते, मी संग येते, पोलिसात येते, किल्ली मी दिली होती तर माझ्यावरही कर. तिकडून पोट्टी म्हणली, मले बाजूले उभं राहून ऐकू आलं, "तक्रार नाही मॅडम. मले बरं आहे." मंग मागून सासूचा आवाज आला अन् फोन कटला. मॅडमनं मले उद्यापासून येऊ नका म्हणलं, अन् टेबलावर डोकं ठेवून रडली. त्यानंतर दोन महिने तिनं आतली खोली बंद ठेवली म्हणे. मी काही पाहाले गेली नाही.

निघता निघता मी टेबलावरून घंटी उचलली. मीच निवडून आणली होती. तिनं अडवलं नाही.

तुम्हाले वाटन, मंग सुंदरबाईची फजिती झाली. कायची फजिती! निर्मलाबाईनं चार ठिकाणी सांगतलं. सासवा माझ्या सपरीत, दारापुढच्या ओसरीत, येऊन बसाले लागल्या. पवनीवरून, लाखांदूरवरून. "तिकडे घंटी लागते, कागद लागते, सहा महिने लागते. इकडे एका बैठकीत काम होते." सुना मागं बसत, पदर तोंडात धरून. मी आत नेई, सासू पाय धरे. एकेक सून सैल होऊन बाहेर येई, अन् सासू माझ्या पाया पडे. एवढा मान मले जन्मात भेटला नव्हता. अठ्ठावीस वर्षं ज्या बाया मले न्हाणीच्या दारात चहा देत, त्या आता खुर्ची देत.

मंग या उन्हाळ्यात डिंपल बाळंतपणाले मायच्या घरी आली. पोरगी झाली. सुमनबाई धावत माझ्याकडे आली. त्या दुपारचं तिले काहीच माहीत नव्हतं, डिंपलनं मायले कधी सांगतलंच नाही. "चाल वो सुंदरा, तुझाच हात पायजे. माय तुझ्या हाताखालची, आता लेकही तुझ्याच हाताखाली." मी जवसाचं तेल घेतलं अन् गेली. का नाही जाणार? मी काही चोर नव्हती.

डिंपल सतरंजीवर निजली होती. मले पाहून उठली नाही, तोंड फिरवलं नाही, काहीच नाही. मी चोळाले घेतलं. कंबर, पोट, मांड्या. ओल्या बाळंतिणीचं अंग म्हणजे फोड असते फोड, हात लावला का बाई किंचाळते. ही गप. मी जोर लावला. गप. अठ्ठावीस वर्षांत अशी बाळंतीण नाही पाह्यली मी. मंग मले राग आला, कायचा आला ते माहीत नाही, अन् मी मुद्दाम जोर लावला, जिथं दुखते तिथंच, नुसतं तिनं एकदा तरी "मावशी" म्हणून वरडावं म्हणून. डोळे छताकडे. सैल. सगळं सैल. माझ्या हाताखाली एक वीस-बावीस वर्षांची पोट्टी होती अन् तिच्यात कोणीच नव्हतं.

त्या दिवशी घरी जाऊन मले जेवण गेलं नाही.

चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी मी फळीवरून घंटी काढली, पदरानं पुसली अन् नेली. सुमनबाई चुलीपाशी पाणी तापवत होती. मी डिंपलजवळ बसली अन् घंटी तिच्या हातात दिली. "घे. वाजव. मी हात काढते." तिनं मूठ मिटली नाही. घंटी तळहातावरून घरंगळून सतरंजीवर पडली. मी पुन्हा दिली. पुन्हा पडली.

"बोल ना वो पोट्टे. दुखते का? शिव्या दे मले."

"तुझं होऊ दे मावशी," ती म्हणली. दीड वर्षांत तिचा पहिला शब्द मी आयकला. "मंग पोरीले घे."

तिचं झालं. मी न्हाणीच्या दाराशी पाटावर बसली, दोन्ही पाय लांब केले, लेकरू पायांवर आडवं घेतलं. बारा दिवसांचा जीव, मुंगीएवढी बोटं. तेल लावलं तशी पोरगी लागली वरडाले. काय आवाज! सगळं घर दणाणलं. मी आपल्या सवयीनं हसली अन् म्हणलं, "वरड, वरड. वरडल्यानं अंग मोकळं होते." अन् तिच्या मांड्या चोळाले घेतल्या.

घंटी वाजली.

माझे हात वर गेले. मी नाही नेले, ते आपोआप गेले, चार वर्षांची सवय होती. डिंपल सतरंजीवर उठून बसली होती. केस मोकळे, हातात घंटी. पोरगी हुंदके देत होती, मंग निवली. मी हात जरा खाली आणले. पुन्हा वाजली. पुन्हा वर. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळाले लागलं. मले उठता येईना, पायांवर लेकरू. हात लावल्याशिवाय लेकरू उचलता येईना, अन् हात लावू देत नव्हती ती. मी तशीच बसली, पाय लांब, हात वर, एखाद्याले बांधून ठेवावं तशी.

"डिंपल, पोरगी सरकून पडन वो."

वाजली.

"घे ना मंग तूच. तू घे."

वाजली. ती हसत नव्हती. त्या पहिल्या दिवशी टेबलावर हसली होती तशी नाही. फक्त पाहत होती, मी खरंच थांबते का ते.

सुमनबाई चुलीपाशून आली. हातात गरम पाण्याचं भांडं. एकदा डिंपलकडे पाहे, एकदा माझ्या हातांकडे. "काय झालं वो सुंदरा? घंटी कायची वाजते? काय केलं तू हिले?"

माझ्या जिभेवर आलं होतं. पंख्याचा आवाज होता. दीड वर्षं मी मॅडमले तेच सांगतलं, गावाले तेच सांगतलं, तुम्हालेही सुरवातीले तेच सांगतलं. पण डिंपल समोर बसून होती अन् तिले सगळं माहीत होतं. त्या दिवशी दुपारी लाईन गेली होती. पंखा बंद होता, म्हणून तं निर्मलाबाई कागदानं वारा घेत होती. त्या खोलीत टाचणी पडली असती तं ऐकू आली असती. पोट्टीनं तीन वेळा म्हणलं होतं, मावशी थांब, मावशी थांब, मावशी थांब, अन् मले तिन्ही वेळा ऐकू आलं होतं.